मशीनचं झबलं

माझ्या सासूबाईंना उघडं काही बघवत नाही. मिक्सरला झबलं, रेडिओला झबलं, रिमोटला तर टोपडंसुद्धा. सासरे वेळेवर गेले, नाहीतर त्यांच्या टकलालाही एखादं शिवलं असतं.

घराच्या पुढच्या खोलीत माझं इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. नवरा झाडं तोडतो. त्याचं कापायचं मशीन अलीकडे रुसलं होतं. सकाळी झकास चालायचं, थोड्या वेळात तापून बंद, आणि मग दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी ढिम्म. मी प्लग बदलला, एअर फिल्टर साफ केला, इंजिनाभोवतीचा भुसा ब्रशनं काढला, पेट्रोलमधलं ऑइल स्वतः मोजून घातलं. दुकानात मशीन वाघासारखं गुरगुरायचं. कामावर गेलं की मांजर.

"तूच काहीतरी करतोस," मी म्हटलं.

"मी काय करणार? दोरी ओढतो."

"चोक लावून?"

तो साखळीतला भुसा झटकायला लागला.

"तापलेल्या इंजिनाला चोक लावतोस? प्लग पेट्रोलनं भिजणार नाही तर काय!"

चोकचं त्यानं कबूल केलं. पण मुळात मशीन तापतं कशानं, हे विचारलं की साहेब छताकडे बघायचे.

बागेच्या मुकादमानं बजावलं होतं, वादळात पडलेलं झाड आज हललं नाही तर यापुढचं सगळं काम भुऱ्याला. भुऱ्या म्हणजे झाडं तोडणारा दुसरा गडी, साखळी बोथट आणि तोंड धारदार. कारखाना बंद पडल्यापासून नवऱ्याच्या हातात हे एकच काम उरलं होतं. म्हणून मी दुकानाला कुलूप ठोकलं आणि त्याच्याबरोबर गेले.

बागेत पोचल्यावर या महाशयांनी पिशवीतून फुलाफुलांचं झबलं काढलं आणि मशीनला चढवलं. दोरीपुरतं भोक, टाकीपुरतं भोक. हवा घ्यायच्या बाकी सगळ्या फटी बंद. मी कपाळावर हात मारला.

"आईनं शपथ घातलीय," तो म्हणाला. "मागं सायलेन्सरवर माझा हात भाजला होता ना."

"अरे, मग यानं श्वास कुठून घ्यायचा?"

"तिला वाईट वाटेल. आणि तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

हे खरं होतं. पण मुकादम बघत होता, म्हणून मी झबलं काढायच्या आत त्यानं घाईघाईनं दोरी ओढली. साखळी ओंडक्यात अर्धी गेली, तोच जळक्या कापडाचा वास आला. टाकीच्या शेजारीच झबलं धुमसत होतं. मी ओरडले. त्यानं मशीन बंद करून खाली टाकलं. मी झबलं ओरबाडून काढलं, मातीत तुडवलं आणि तोंड सोडलं. मुकादमही त्यातून सुटला नाही.

इंजिन निवू दिलं, फटी मोकळ्या केल्या. दोरी ओढली आणि मशीन गुरगुरायला लागलं. संध्याकाळपर्यंत झाड हललं आणि पुढचं काम आमच्याकडेच राहिलं.

सासूबाईंना काय काय ऐकवायचं, ते मी वाटेत पाठ केलं होतं. दारातच झबलं त्यांच्या पुढ्यात टाकलं.

"बघा तुमची शिवणकला."

त्यांनी ते उलटंसुलटं केलं. करपलेल्या कडेवरून बोट फिरवत त्या टाकीच्या भोकाशी थांबल्या.

"पेट्रोल इथं असतं?"

"हो."

त्या तिथंच खाली बसल्या. "तो भाजू नये म्हणून गं मी..."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. पण पाठ केलेलं सगळं मी गिळून टाकलं. मी त्यांच्याशेजारी बसले आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा हात हातात घेतला.