पाचवा श्वास

तीन नोव्हेंबर. सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन, वारा नावालाही नाही. त्या दिवशी दोन स्क्रू पिळून मला एका नव्या घराच्या भिंतीवर बसवलं, आणि त्या क्षणापासून ते घर माझ्याकडे संशयाने बघायला लागलं.

मी ती पांढरी डबी बोलतेय. साबणाच्या वडीएवढी आहे. पुढे बारीक भोकं, खाली एक दिवा. हवा ताजी असली की दिवा हिरवा, कोंदट झाली की नारिंगी, फारच बिघडली की लाल. घरात ओल वाढली तरी मला कळतं, तेव्हाही दिवा लाल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या शेवटी एक बाई बसायची. तयार झालेल्या प्रत्येक डबीवर ती हलकेच फुंकर घालायची आणि दिवा नारिंगी होतो का ते बघायची. माझ्यावर तिला दोनदा फुंकावं लागलं. "ही जरा मख्ख दिसते," असं ती शेजारणीला म्हणाली. जगाचं माझ्याविषयीचं पहिलं मत ते.

वसाहत नवीकोरी होती. आखणाऱ्यांनी बराच विचार केला होता. जिने रुंद आणि उजेडाचे, म्हणजे लोकांनी लिफ्ट सोडून चालावं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बाक, म्हणजे शेजाऱ्यांची ओळख व्हावी. स्वयंपाकघराच्या खिडक्या मधल्या अंगणाकडे, म्हणजे भाजी चिरता चिरता खेळणाऱ्या पोरांवर नजर राहावी. घराघरांत माझ्यासारखी एकेक डबी. आणि दोन खोल्यांच्या घरात चारच माणसं राहतील, हा नियम. तोही आरोग्यासाठीच.

आमच्या घरात पाच होती.

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. आणि पाचवी मावशी. बायकोची आई लवकर गेली, तेव्हा या मावशीने तिला वाढवलं होतं. मावशी राहायची ती जुनी इमारत ओलीने पोखरली होती. तिथून ती एक ट्रंक आणि खोकला घेऊन आली. वसाहतीच्या ऑफिसात मात्र चारच नावं दिलेली. पाचवं कळलं तर घर जाईल, अशी नवरा-बायकोची भीती होती.

फिटर मला बसवत होता तेव्हा मावशी बाथरूममध्ये कडी लावून बसली होती.

"हिला कान नाहीत, डोळे नाहीत," फिटर म्हणाला. "नारिंगी झाली की खिडकी उघडायची. संपलं."

"आणि ही कळवते कोणाला?" नवऱ्याने विचारलं.

"ऑफिसला आकडे जातात."

"कसले आकडे?"

"हवेचे हो."

"हवा कशाने बिघडते?"

"माणसांनी. जितकी माणसं, तितकी हवा जड." फिटर हसला. स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकून निघून गेला.

घरात कोणी हसलं नाही. मावशी बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ही श्वास मोजते."

माझ्याविषयी हे जे ठरलं ते शेवटपर्यंत.

खरं सांगायचं तर मला ऐकू येतं, दिसतंही. पण ऐकलेलं-पाहिलेलं कोणाला कळवायची सोय माझ्यात नाही. मी फक्त हवा आणि ओल कळवते. कोण वाचतं, वाचून काय करतं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे त्यांना माझा संशय यायचा, तसा मला ऑफिसचा. एके दिवशी तिकडून हुकूम आला की आकडे पूर्वीपेक्षा लवकर लवकर पाठव. कारण दिलं नाही. तेव्हापासून मीही जपूनच होते, पण जपून करणार काय? भिंतीवरची वस्तू मी.

घराने आपापले उपाय सुरू केले. आधी माझ्यावर टॉवेल टांगला. मग धाकट्याची टोपी. दिवा नारिंगी झाला की मावशी लगबगीने उठून जिन्यातल्या बाकावर जाऊन बसायची. समोरच्या घरातली बाई दारातूनच विचारायची, "मावशी, आज परत पाहुण्या आलात वाटतं?"

"हो. जाताच येत नाही बघा, इतका आग्रह करतात," मावशी म्हणायची.

या समोरच्या बाईला नवऱ्याने 'दुर्बीण' असं नाव ठेवलं होतं. ती चांगली बाई होती, एकदा तिने सूपही आणून दिलं. पण त्या दिवसांत घरात कोणाच्याच चांगुलपणावर विश्वास राहिला नव्हता. सूप देताना तिने आत डोकावून पाहिलं, एवढंच लक्षात राहिलं.

मावशी कधीकधी माझ्याशी बोलायची. घरात कोणी नसलं की समोर येऊन श्वास रोखून धरायची. चेहरा लाल व्हायचा. मी हिरवीच. मग भसकन श्वास सोडून म्हणायची, "घे. लाव चहाडी." एकदा थोरलीने गंमत म्हणून तिला माझ्यावर फुंकर घालायला लावली. दिवा नारिंगी झाला, दोघी खिदळल्या, आणि तेवढ्यात बायको कामावरून आली. तिने चप्पलही न काढता सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

डिसेंबर लागला. थंडी वाढली तसा मावशीचा खोकलाही वाढला. खोकला दुर्बिणीला ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद झाल्या. फटींना कागद लागला. मावशीची खाट आतल्या खोलीत, बाथरूमच्या भिंतीला टेकून होती. त्या भिंतीतून ओल वर चढत होती, हे मी रोज कळवत होते. दिवा लाल करून घरातल्यांनाही सांगत होते. त्यांना वाटलं, लाल म्हणजे पाचवं माणूस सापडलं.

"माझ्या भावाकडे ठेवू थोडे दिवस," नवरा हळू आवाजात म्हणाला.

"तुमचा भाऊ स्वतःच्या आईला ठेवत नाही."

"मग काय करायचं, अगं? घर गेलं तर पाचही जण रस्त्यावर."

बायकोने दुकानातून आणलेली चिकटपट्टी काढली आणि माझ्या भोकांवर आडवी-उभी लावली. कामात चोख बाई, एकही भोक सुटलं नाही.

मी गप्प झाले. आणि त्या गप्प बसण्यानेच घात केला. इतके दिवस दिवा लाल असूनही कोणी फिरकलं नव्हतं. पट्टी लागल्यावर मात्र दोन दिवसांत ऑफिसातल्या बाई दारात उभ्या राहिल्या, मागे तोच फिटर. मावशीला घाईने गॅलरीत उभं केलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर गार वारा सुटला होता.

"तुमचे आकडे हलेनात. एकाच जागी अडकलेत," बाई म्हणाल्या. फिटरने पट्टी बघितली, सोलून काढली. मग तो आतल्या खोलीत गेला. भिंतीवर हात फिरवला, बाथरूममधला हवा बाहेर फेकणारा पंखा उतरवला आणि मागच्या नळीत हात घातला. हातात सिमेंटची रिकामी गोणी आली. बांधकामापासून तिथेच कोंबलेली.

"बाथरूमची सगळी वाफ घरातच फिरतेय," तो म्हणाला. "ओल यामुळे. तुमचा दोष नाही."

"ओल वाढतेय हे दिसत होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून आकडे लवकर लवकर मागवले होते. माणूस पाठवायचं राहून गेलं."

नवऱ्याने विचारलं, "अजून काय काय दिसतं तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "रात्रीची हवा चार माणसांच्या मानाने जड दिसते. पाहुणे असतील असं आम्ही धरलं."

"म्हणजे मोजता."

"मोजत नाही. दिसतं."

तेवढ्यात गॅलरीत खोकला सुरू झाला. आधी दाबलेला, मग न दाबता येणारा. नवरा जमिनीकडे बघत राहिला. फिटर पंखा पुसत राहिला. मी ताजी ताजी उघडी झालेली, घरातली सगळी हवा माझ्या अंगावर आली होती.

बायको उठली. गॅलरीचं दार उघडलं, मावशीला धरून आत आणलं, स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली आणि खुर्चीवर बसवलं.

"पाच आहोत आम्ही," ती म्हणाली.

"नियम चारचा आहे हो."

"मग पाचवी मी. हिला मोजा चौथी."

"पोरी, वेड्यासारखं बोलू नकोस," मावशी धापा टाकत म्हणाली. मग बाईंकडे वळली. "डबीनेच सांगितलं ना?"

बाई म्हणाल्या, "नाही. तुमच्या खोकल्याने."

मावशीने तरीही माझ्याकडेच पाहिलं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. माझ्यासारखी डबी तुमच्या भिंतीवर लागली, तर लावणाऱ्याला विचारा, आकडे कोण वाचतं आणि वाचून काय करतं. नीट उत्तर मिळेपर्यंत संशय सोडू नका, मला राग नाही. पण माझ्या भीतीने खिडकी मात्र बंद करू नका.

एकोणीस डिसेंबर. आकाश निरभ्र, थंडी बेताची. ऑफिसचा निर्णय आला. पंखा आणि नळी दुरुस्त. घर काढून घेतलं नाही. पाचव्या माणसाची परवानगी नाकारली. मावशीला याच वसाहतीत, अंगणापलीकडे तळमजल्यावर एकट्या माणसासाठीची खोली मिळाली. ती दुसऱ्या दिवशी तिकडे राहायला गेली. बायको रात्रीची तिच्याकडे झोपते. या घरात आता रात्री तिघांची हवा असते. दिवा हिरवा आहे.