म्हाताऱ्या गाईचा गोऱ्हा

दिंडोरीजवळच्या त्या गावात वळू एकच ठेवायचा आणि बाकीचे गोऱ्हे बडवून, म्हणजे खच्ची करून, बैल करायचे, असा रिवाज होता. वळू निवडायचा मान रंगनाथ पाटलाचा. पाटलाला गुरांतलं कळत नव्हतं असं नाही. त्याला दुसऱ्याचं ऐकणं तेवढं जमत नव्हतं.

तीस साली गावचा वळू मेला, तेव्हा म्हाताऱ्या कुसाबाईनं आपल्या तांबू गाईचा गोऱ्हा मोठ्या आशेनं चावडीपुढे आणला. तांबू चौदा वर्षांची. नऊ वेतं झाली, तरी दूध चालूच होतं.

"म्हातारीच्या पोटचा ह्यो. दम कुठला असणार?" असं म्हणून पाटलानं स्वतःच्या गाईचा गोऱ्हा वळू ठरवला. त्या गाईला नाशिकच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं आणि आजवर तिचं वेत झालं होतं एकच.

"अरे रंगनाथा, जी टिकली तिचंच रगत धरावं. तुझ्या गाईचं दुसरं वेत तरी कुनी पाह्यलंय?" कुसाबाई म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तांबूचा गोऱ्हा त्याच दुपारी बडवला. कुसाबाई दोन दिवस जेवली नाही.

बक्षिसाची गाय दुसऱ्या वेताला बसली ती उठलीच नाही. वळूच्या लेकीही त्या आजीवरच गेल्या. चार वर्षं नुसती वैरण खायच्या, दोन वेतांत आटायच्या. तांबू मात्र अठराव्या वर्षी गेली.

अडतीस साली पाटलाचे डोळे उघडले. "हितून पुढं चौदा वर्षांच्या गाईचाच गोऱ्हा वळू!" त्यानं असं सांगितलं, जणू हे त्यालाच सुचलं होतं. कुसाबाईचा जीव भांड्यात पडला. तांबूच्या लेकीला तिनं चार कोस चालवत परगावच्या वळूकडे नेलं होतं. तो गोऱ्हा तिनं आणून उभा केला.

"ह्याच्या आईचं वय?"

"आठ. पन आजी अठरा वर्सं जगली."

"आजीचं काय सांगती? आईला चौदाची होऊ दे."

"तवर ह्यो म्हातारा व्हईल की रं!"

"नेम म्हंजी नेम," पाटील म्हणाला आणि बडवणाऱ्याला खूण केली. मग चौदा वर्षांची गाय कुणाकडे आहे, अशी त्यानं चौकशी सुरू केली. गावात एकही निघाली नाही.

गोऱ्ह्याचं रिकामं दावं कुसाबाईनं पाटलापुढे टाकलं.

"येवढी टिकल्याली गावात आता मीच ऱ्हायले. बांध मला."