गावकीपुढचं एक वाक्य

"सखूबाय, तुज्या तोंडानं आयकल्याबिगर आमी सह्या नाय करनार," देवळाच्या मंडपात करकरत्या पंख्याखाली बसलेले गावपंच कमळाकर पाटील म्हणाले.

रविवारची गावकी भरली होती. नळाच्या पाण्याची वेळ, जेट्टीची डागडुजी हे विषय उरकले होते. उरला होता तो सखूबाईच्या घरचा. ती मागे भिंतीशी, बायकांत बसली होती. चाळीस वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती.

सात वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा हरेश खाडीत जाळं टाकायला गेला. तिसऱ्या दिवशी होडी तिवरांत अडकलेली सापडली. हरेश सापडला नाही. पनवेलच्या पोलिसांनी 'बेपत्ता' लिहून घेतलं. गाव दहाव्याचं बोलायला आलं तेव्हा सखूबाईने दार लावून घेतलं. "माजा पोर येनार हाय," एवढंच ती आतून म्हणाली.

सून अंकिता तेव्हा तेवीसची, लग्नाला दहा महिने झालेले. ती माहेरी गेली नाही. ओहोटीला सासूबरोबर चिखलात उतरून शिंपल्यांतले खुबे वेचायची, पनवेलच्या बाजारात नेऊन विकायची, आणि घरी आल्यावर सासूच्या गुडघ्यांना तेल लावायची. कपाळावरचं कुंकू तिने पुसलं नाही, कारण सखूबाईने पुसू दिलं नाही.

आता बेलपाड्याच्या दीपेशने तिला मागणी घातली होती. त्याची बायको आजारात गेलेली, माणूस शांत. अंकिताने त्याला सांगितलं होतं, "आई बोलली तर येईन. नायतर नाय." पण कोर्टाने हरेशला मयत ठरवल्याशिवाय तिला दुसरं लग्न करता येत नव्हतं. त्यासाठी वकिलाला गावकीच्या सह्यांचं पत्र हवं होतं, आणि पत्रात हरेश गेल्याचं लिहायचं होतं.

सखूबाई उठली. पदर डोक्यावर ओढला. दोन पावलं पुढे आली आणि परत भिंतीशी गेली.

"राहू दे वयनी, समजलं आमाला," कमळाकर हळूच म्हणाले.

"नाय. बोलू दे मना." तिने भिंतीला हात टेकला. "माजा हरेश गेला. खाडीनं नेला. होडी दिसली, त्याच दिशी मना कललं व्हतं. पन पोरीला मी धरून ठेवली. तो नाय तर नाय, त्याचं मानूस तरी घरात दिसंल म्हनून." तिने सुनेकडे बोट केलं. "सात वरसं खाल्ली मी तिची. आता लिवा काय ते."

बायकांत बसलेल्या अंकिताने तोंडावर पदर घेतला. कागद पुढे आला. सखूबाईने अंगठा उमटवला, बोट लुगड्याला पुसलं आणि कुणाची वाट न पाहता घरी निघाली.

घरी येऊन तिने भाताचं पातेलं शेगडीवर चढवलं. गॅस पेटवला, तोच मागच्या दाराने शेजारची नामीबाय आत आली. तिने गॅस बंद केला.

"आज तुज्या घरी चूल नाय पेटवाची," ती म्हणाली.

तिच्यामागे चार-पाच बाया होत्या. कुणाच्या हातात झाकलेला भात, कुणाच्या हातात आमटी. घरात कुणी गेलं की पहिल्या दिवशी गावातून येतं, तसं ते जेवण होतं.

सखूबाईने लायटर खाली ठेवला आणि ती भिंतीला टेकून बसली. अंकिता तिच्याजवळ येऊन बसली. मग एकेक करून बाकीच्या बायाही टेकल्या, मयताच्या घरी बसतात तशा, अंग चोरून.