एकास चोवीस

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. लग्न होऊन ती सासरी आली, तेव्हा सासऱ्यांनी तिला पहिला प्रश्न केला तो असा: "तुमच्या दुकानात सगळ्यात बारीक स्क्रू केवढा असतो गं?" तिने पर्स चाचपून एक स्क्रू काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अगदी नाकाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ही पोरगी आपल्या कामाची आहे."

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. जन्मभर त्यांनी मोटारींच्या सीटा शिवल्या होत्या. ते काम सुटल्यावर रिकामं बसणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी छोट्या मोटारी बनवायला घेतल्या. एकास चोवीस या मापाच्या, म्हणजे खरी गाडी चोवीस पटींनी आकसली तर जेवढी होईल तेवढ्या. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग यायचे. ते कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. तेवढ्यावर कुणाचंही समाधान झालं असतं, पण अप्पांना प्लास्टिकच्या सीटा बघवत नसत. जुन्या हातमोज्यांचं कातडं तासून ते पातळ करायचे आणि बोटभर सीट शिवायचे, अगदी शिवणीसकट.

"खऱ्या गाडीत लोक सांडतात, ओरबाडतात, वर मलाच बोल लावतात," ते म्हणायचे. "ह्यात बसायला कुणी येत नाही. केवढं सुख आहे."

घरात ह्या नादाला कुणी भीक घालत नव्हतं. मुलगा औषधांच्या कंपनीचा फिरता विक्रेता. गाडी पळवायची असते एवढंच त्याला ठाऊक. सासूबाईंना रंगाच्या वासाने शिंका यायच्या. त्यामुळे सून आपणहून टेबलाशी येऊन बसली, तेव्हा अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. तिचा हात स्थिर होता. आरसे, दिवे, दारांच्या कड्या तिच्याकडे आल्या, आणि सीटा अप्पांकडे राहिल्या.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असे नादिष्ट लोक वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमत. एक परिचारिका होती, एक बसचालक, एक निवृत्त गणिताचे सर, आणखी दोघे-चौघे. आपापल्या गाड्या मांडायच्या, दुसऱ्याच्या गाडीतली खोट काढायची आणि मग ती कशी झाकायची तेही सांगायचं, असा रिवाज. गोंदाचा थेंब इंजेक्शनच्या सुईने कसा सोडायचा हे परिचारिकेने शिकवलं. गाडीच्या काचेवरचा ओरखडा चष्म्याच्या काचेसारखा कसा घालवायचा हे तिने सगळ्यांना दाखवलं. अप्पा शेजारी बसून म्हणायचे, "माझी सून आहे," जणू कुणाला माहीतच नव्हतं.

मग तिचा संसार मोडला. आदळआपट अशी झालीच नाही. नवऱ्याचं मन दुसरीकडे जडलं होतं आणि एके दिवशी जेवता जेवता त्याने ते सांगून टाकलं. मूलबाळ नव्हतं. कागदांवर सह्या झाल्या आणि ती दुकानाजवळ एका खोलीत राहायला गेली. निघताना अप्पा दारात उभे होते. त्यांना पुष्कळ काही बोलायचं असावं, पण तोंडातून निघालं एवढंच, "ब्रश धुऊन ठेवत जा."

पुढच्या दुसऱ्या रविवारी ती हॉलवर गेली, तर अप्पा नेहमीच्या खुर्चीत, आणि शेजारची खुर्ची त्यांनी पिशवी ठेवून धरलेली. दोघांनी नवीन गाडी सुरू केली. जुन्या घाटाची, लांब नाकाची, चार दारांची. घरचा विषय कुणीच काढला नाही. रंग हिरवा की मातकट, यावर मात दोघं तास तासभर हुज्जत घालायचे.

दरम्यान घरात नवी सून आली. अप्पा जुन्या सुनेबरोबर बसून हसत-खिदळत असतात, ही बातमी कुणीतरी सासूबाईंच्या कानावर घातली. त्या भडकल्या.

हॉलच्या जिन्यात उभं राहून अप्पांनी तिला सांगितलं, "ही म्हणते, नव्या मुलीने काय समजायचं? पुन्हा भेटायचं नाही म्हणते."

"आईंचं चूक नाही. त्या मुलीच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं," ती म्हणाली.

"मग गाडीचं काय?"

तिने जरा विचार केला. "खाली ग्रंथपालबाईंच्या कपाटात ठेवू. तुम्ही रविवार सोडून मधल्या एखाद्या वारी या. मी नेहमीच्या रविवारी येईन. भेटलो नाही म्हणजे झालं."

तसंच सुरू झालं. रविवारी तिने खोकं उघडावं, तर डॅशबोर्ड रंगवून झालेला असायचा. तिने दारं घासून ठेवावीत, तर पुढच्या खेपेला आतून अस्तर लागलेलं असायचं. एकदा तिने हेडलाइट जरा घाईत बसवला. पुढच्या वेळी तो काढून, पुसून, शेजारी ठेवलेला होता. ती एकटीच हसली. अप्पा बोलले असते तरी ह्याहून जास्त काय बोलले असते?

दुसरं वर्ष निम्मं सरलं आणि कामात फरक पडू लागला. मागच्या सीटची शिवण एका बाजूला ओढलेली होती. काचेवर गोंदाचा ठसा उमटला होता, तोही अंगठ्याचा. गावभराचे चष्मे तिच्या हातून जात होते, आणि अप्पांचा नंबर वाढलाय हे मात्र तिला त्यांना सांगता येत नव्हतं. तिने ग्रंथपालबाईंकडे निरोप ठेवला, "डोळे तपासून घ्या म्हणावं."

पुढच्या रविवारी बाईंनी उलटा निरोप दिला. "डोळे ठणठणीत आहेत म्हणाले. हातच ऐकत नाही म्हणाले."

अप्पा कुठल्या वारी येतात हे तिला माहीत होतं. दुपारच्या सुट्टीत ती दोनदा वाचनालयाच्या फाटकापर्यंत गेलीसुद्धा. पण भेटायचं नाही असं ठरलं होतं. तिथूनच ती मागे फिरली. ओढलेली शिवण तिने तशीच राहू दिली.

मग एका रविवारी खोक्यातलं काहीच हललेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आणि एका सकाळी ग्रंथपालबाईंचा दुकानात फोन आला. अप्पा झोपेतच गेले होते.

ती काचा तशाच टाकून गेली. दार तिच्या नवऱ्याने उघडलं, म्हणजे एके काळच्या. तो बाजूला झाला. आत शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. कुणीतरी हळूच विचारलं, ह्या कोण. तो घुटमळला आणि म्हणाला, "अप्पांच्या ओळखीच्या आहेत."

ती शेवटच्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून सासूबाईंनी तिला बोलावलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, निम्म्या झाल्यासारख्या.

"बस," त्या म्हणाल्या. "इथे तर ते घुम्यासारखे बसून असायचे. तुझ्याशी तरी बोलले असतील. काय म्हणायचे शेवटी शेवटी?"

"आई, आम्ही भेटत नव्हतो."

"आता कशाला लपवतेस? पेपर वाचायला म्हणून भांग पाडून निघायचे. मला कळत नव्हतं का? मी बोलले का काही?"

तिने कपाटाचं, खोक्याचं, मधल्या वाराचं सगळं सांगितलं.

"एकदाही नाही?"

"नाही. तुम्ही नको म्हणाला होता."

"रागाच्या भरात म्हणाले होते गं," सासूबाई म्हणाल्या. "चार दिवस धुसफूस केली असती आणि विसरले असते. नंतर मला वाटलं, भेटतच असतील. भेटू देत. म्हणून तर कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर..." तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्या रडू लागल्या. तीही रडली. नव्या सुनेने दोघींसाठी पाणी आणून ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "मला ती गाडी बघायची आहे. रविवारी येते मी."

रविवारी ती जिन्याकडे डोळे लावून बसली. सासूबाई आल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखत असत, आणि घरात काय सांगून निघायचं हाही प्रश्न असणार. तिला राग आला नाही.

बाकीच्यांनी गाडी हातात घेऊन पाहिली. पुढच्या दोन्ही सीटा व्हायच्या होत्या. "त्या आता तूच कर," परिचारिका म्हणाली. बसचालकाने आपला एक जुना हातमोजा तिच्यासमोर ठेवला.

तिने कातडं तासायला घेतलं. पहिला तुकडा मधेच फाटला. दुसरा नीट तासला गेला, पण शिवायला घेतल्यावर कोपरे वळेनात. ते अप्पा कसे वळवायचे हे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून ती आपल्याच कामात होती. तिने शिवण उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. हॉल बंद करायची वेळ झाली तोवर तिच्याकडून एकही सीट झाली नव्हती.