आधी तुम्ही

सांतांदेर बंदरातून बोट सुटली तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली होती. इंग्लंडमधल्या प्लिमथचा किनारा दिसायच्या आत नेविलला सांगून टाकायचं, की यापुढे मी मार्जरीत झोपणार नाही.

मार्जरी म्हणजे आमचं मोटारहोम. निवृत्त झाल्यावर माणसं कुत्रा पाळतात, गुलाब लावतात. माझ्या नवऱ्याने चाकांवरचं घर घेतलं आणि त्याला मावशीचं नाव दिलं. अख्खा हिवाळा आम्ही मार्जरीच्या पोटात काढला. स्पेनमध्ये. म्हणजे स्पेनमधल्या अशा एका मैदानात, जिथे डावीकडे लीड्सची मंडळी होती, उजवीकडे डर्बीची, आणि सगळे घरून आणलेल्या डब्यांतले बीन्स गरम करत 'इथली माणसं किती मनमोकळी' यावर चर्चा करत होते. पाऊस पडला की मी आणि नेविल गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचो. एकाला उठायचं झालं तर दुसऱ्याने आधी पलंगावर चढायचं. लग्न टिकवायला दाणकन आपटता येईल असं निदान एक तरी दार लागतं. मार्जरीतलं दार सरकतं होतं, प्लास्टिकचं.

मग बोलले का नाही? कारण नेविल सुखात होता. रोज सकाळी संडासाची पेटी हातात धरून, शीळ घालत, तो मैदानाच्या त्या टोकाला ती रिकामी करायला जायचा आणि वाटेत भेटेल त्याला "काय सुंदर सकाळ!" म्हणायचा. पाऊस असला तरी. इतक्या आनंदी माणसाच्या आनंदावर पाणी कसं ओतायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर घोषणा झाली. पुढच्या हिवाळ्याच्या फेरीचं आरक्षण आत्ताच करणाऱ्यांना खिडकीवाली खोली मिळेल, मात्र एकदा केलेलं आरक्षण रद्द होणार नाही, आणि काउंटर दुपारी बंद होईल.

"तुझा नवरा केव्हाच गेलाय रांगेत!" बेरिल म्हणाली. ही आमची मैदानातली शेजारीण, डर्बीची. "काय हौस आहे गं त्याला! आमचा बघ, अजून घोरतोय."

मी चहा तसाच टाकून धावले.

रांग काउंटरपासून अत्तराच्या दुकानापर्यंत आली होती. नेविल मधोमध उभा. मला फक्त त्याच्यापाशी जाऊन कानात एक वाक्य बोलायचं होतं. पण रांगेच्या मध्यावर बाजूने येणारं माणूस! आमच्या देशात खुन्याचीसुद्धा बाजू ऐकून घेतात, याची नाही. मी दोन पावलं टाकली तोच विणलेल्या स्वेटरमधल्या एका गृहस्थांची भुवई वर गेली.

"माफ करा हं," मी म्हटलं, "मला फक्त नवऱ्याशी दोन शब्द—"

"हो हो, अगदी," ते म्हणाले. "शेवट तिकडे आहे."

"सॉरी."

"छे छे, सॉरी तर मी."

हाक मारावी, तर बोटीवर ओरडायचं ते बोट बुडताना. तेव्हाही आधी घसा खाकरून. मी निमूटपणे शेवटी जाऊन उभी राहिले.

रांग सरकू लागली, आणि मला एक चमत्कार दिसला. माणसं पुढे जात होती, नेविल जात नव्हता. "आधी तुम्ही," तो मागच्या बाईंना म्हणाला. "मला काही घाई नाही." मग काठीवाल्या आजोबांना. मग स्वेटरवाल्यांना. मग दोन तगड्या मोटारसायकलवाल्यांना, ज्यांच्याकडे काठीही नव्हती आणि घाईही.

"अशी सभ्य माणसं राहिली नाहीत आता," माझ्या पुढची बाई गहिवरून म्हणाली, आणि तीही पुढे गेली. ज्या माणसाने माझ्या आईलासुद्धा कधी बाथरूम आधी दिली नाही, त्याच्याबद्दल हे ऐकून मीही गहिवरले.

शेवटी मीच त्याच्या पाठीमागे आले.

"आधी तुम्ही, मॅडम," तो मागे न बघता म्हणाला. "मला काही घाई नाही."

"मलाही नाही."

तो गर्रकन वळला. "रॉझ! तू काय करतेस इथे?"

"तू काय करतोस?"

"तुझ्यासाठी आरक्षण. तुला आवडतं ना ते सगळं."

"मला?"

"तूच म्हणालीस, सूर्यास्त किती सुंदर!"

"ते बेरिलसमोर म्हटलं होतं! आणि तू? ती पेटी घेऊन शीळ घालत जायचास रोज."

"मग रडत जाऊ? लोक बघत होते."

पुढे आता कोणीच नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून आम्हाला बोलावलं. "खरं तर वेळ झालीय, पण तुमच्यासाठी थांबले मी. पुढचा हिवाळा ना?"

उर्मटपणाला आमच्याकडे उत्तर असतं, चांगुलपणाला नसतं. नेविलचा चेहरा पडला. "म्हणजे, तसं पाहिलं तर, तुम्हाला त्रास होणार नसेल तर..." असं पुटपुटत त्याचा हात पाकिटाकडे गेला. त्या मुलीला वाईट वाटू नये एवढ्यासाठी हा माणूस आणखी एक हिवाळा ती पेटी वाहणार होता, आणि शीळही घालणार होता.

"नको," मी म्हणाले.

एवढंच. मागेपुढे काही नाही. पार अत्तराच्या दुकानापर्यंत शांतता पसरली. बाजूला आपली पावती घडी घालत उभ्या स्वेटरवाल्यांनी नजर खाली वळवली. मुलीचं हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त त्यामागची मुलगी निघून गेली.

प्लिमथला गाड्यांसाठी बोटीचं तोंड उघडेपर्यंत नेविल मार्जरीत स्टिअरिंग धरून बसला होता. मग म्हणाला, "थँक्यू म्हणायचं राहिलं तुझं."

"परत जाऊन म्हणू?"

त्याने खरोखरच विचार केला. पुढच्या गाड्या निघून गेल्या, मागच्या खोळंबल्या, तरी तो विचार करत होता.

"नको," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून इतका सुटा मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि मागच्या गाडीची माफी मागितली.