दोन पहारेकरी आणि मेर्लिंडाचा रविवार

मी बोलतोय, फ्लोरोच्या घरातला कॉम्प्युटर. पण थांबा, आधी तुमचे हात दाखवा. खिशात एखादी सीडी नाही ना? रागावू नका, माझ्यात काहीतरी घालायला येणारा माणूस असाच गोड हसत येतो.

माझा जन्म जपानचा. तिथल्या एका कचेरीत मी इमानेइतबारे राबलो आणि एक दिवस मला काहीएक न सांगता कंटेनरमध्ये भरलं, ते थेट फिलिपिन्समधल्या जुन्या मालाच्या दुकानात आणून टाकलं. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही. फ्लोरोची बायको मेर्लिंडा मला घ्यायला आली तेव्हाही वाटलं, ही बाई मला खोलून सुटे भाग विकणार. तिनं तसं केलं नाही. एस्तान्सियाच्या धक्क्याजवळ कोळ्यांची घरं आहेत, तिथल्या आपल्या घरात तिनं मला बाळ येशूच्या मूर्तीशेजारी बसवलं, वर क्रोशाचं झाकण घातलं आणि ती हाँगकाँगला लोकांच्या घरी कामाला निघून गेली. जाताना लेकीला, आर्लिनला, म्हणाली की दर रविवारी यात तुमचे चेहरे बघीन.

तिला सुट्टी फक्त रविवारी. तिकडे तिच्यासारख्या बायका एकाच कॉम्प्युटरपुढे रांग लावतात आणि नंबर आला की थोडाच वेळ मिळतो. तेवढ्या वेळात इकडे मी चालू असायला हवा. माझं काम एवढंच होतं, आणि तेच मला जमेना.

कारण सांगतो. आर्लिनच्या बाप्तिस्म्याला दोन धर्मपिते उभे राहिले होते. इथं त्यांना निनाँग म्हणतात, आणि निनाँग झाला की तो बापाचा भाऊच झाला, त्याला ‘पारे’ म्हणायचं आणि कशाला नाही म्हणायचं नाही. पहिला निनाँग गास्पार. फ्लोरो त्याच्याच होडीवर मासेमारीला जातो. नाताळात त्यानं व्हायरस पकडणारा पहारेकरी प्रोग्राम भेट म्हणून आणला आणि माझ्यात घातला. दुसरा पेपिंग, धक्क्यावर बर्फ विकणारा. त्यानं ते बघून नाक मुरडलं, हा पहारेकरी तर दारातच झोपतो म्हणाला, आणि आपला दुसरा घातला. फ्लोरोनं दोघांचे आभार मानले. मला कोण विचारतंय?

मग सुरू झाली गंमत. मी काही उघडायला गेलो की पहिला म्हणे, थांब, तपासतो. तो तपासू लागला की दुसरा त्याच्यावर डोळा ठेवी, हा काय लंपास करतोय म्हणून. मी संशयी खरा, पण या दोघांपुढे मी म्हणजे अगदी साधुसंत.

माझी स्वतःची मेमरी आधीच तुटपुंजी. ओट्यावर जागा उरली नाही की बाई भांडी जमिनीवर मांडते ना, तसं मी जास्तीचं सामान हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवतो. त्या कोपऱ्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. तिथं सारखं पळायचं, ठेवायचं, आणायचं. दमछाक होते, पण भागतं. फ्लोरोनं डिस्क कराओकेच्या गाण्यांनी गच्च भरली आणि तो कोपराही आवळला. बायको गेल्यापासून त्याला विरहाची गाणी लागायची. सूर तेवढा लागत नव्हता. शेवटी माझी अवस्था अशी झाली की आर्लिन बटण दाबून भात टाकायला जायची आणि भात झाला तरी मी डोळे चोळतच असायचो.

त्यात दोन्ही निनाँगांनी पूर्ण तपासणीचा वार निवडला रविवार, प्रार्थनेनंतरचा. रविवारी कोण काम करतं, मशीन मोकळंच असणार, असा दोघांनीही वेगवेगळा आणि अगदी सारखा विचार केला. मेर्लिंडाचा चेहरा यायचा आणि नेमके दोघं पहारेकरी आत उलथापालथ सुरू करायचे. व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे, अशी सूचना यायची आणि बिचारी मेर्लिंडा उघड्या तोंडानिशी पडद्यावर थिजायची.

पुढे तिच्या बोलण्याला धार आली. घरचं काही विचारलं की बरं तुमचं मशीन बंद पडतं, असं ती म्हणू लागली. फ्लोरो म्हणे, तिकडं तुझ्या मागे कोण हसत होतं ते सांग आधी. तिला त्याचा संशय, त्याला तिचा, आणि दोघांना माझा. मला सगळ्यांचा.

आर्लिन मात्र हात धुऊन माझ्या मागे लागली. तिनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा माझी खात्रीच पटली की विकायला काढला. पण तिनं आतली धूळ झाडली. सुरू होताना आपोआप उठणारे फालतू प्रोग्राम बंद केले, गाणी सीडीवर उतरवली, माझा कोपरा वाढवून दिला. मला बरंच हलकं वाटलं. मग ती बापाला म्हणाली की आता एक पहारेकरी काढायला हवा.

फ्लोरो दचकला. गास्पार घरी आला की आधी पडद्याच्या कडेला आपल्या पहारेकऱ्याचं चिन्ह आहे ना ते बघतो. ते दिसलं नाही तर तो भांडणार नाही, नुसता बोलायचा बंद होईल, आणि इथं माणसं त्यालाच घाबरतात. पेपिंग तर सगळ्या धक्क्याला सांगेल. “पारेला काय तोंड दाखवू?” फ्लोरो म्हणाला, आणि विषय तिथंच मिटला.

अशात मेर्लिंडाचा निरोप आला. तिचा करार संपत होता. आणखी दोन वर्षांसाठी सही करायची की घरी यायचं, ते या रविवारी ठरवायचं होतं. तिनं बजावलं होतं की फोनवर नको, फोनवर फ्लोरो नुसता हं हं करतो, मला त्याचं तोंड बघून विचारायचंय.

आर्लिननं डोकं चालवलं. त्या रविवारी तिनं दोन्ही निनाँगांना जेवायला बोलावलं आणि पान्सित नूडल्सच्या ताटल्या हातात देऊन माझ्यासमोर बसवलं. मेर्लिंडा दिसली, “फ्लोरो, ऐक” म्हणाली आणि थिजली. पडद्यावर दोन चौकटी उघडल्या. प्रत्येक चौकटीत एका पहारेकऱ्यानं दुसऱ्याला संशयित ठरवलं होतं.

“पेपिंग, तुझा माणूस माझ्या माणसाला चोर म्हणतोय,” गास्पार म्हणाला.

“तुझा तर माझ्याला केव्हाचा म्हणतोय, पारे.”

मग दोघांचं लक्ष त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे गेलं आणि दोघं ओशाळले. गास्पार म्हणाला, माझा काढ. पेपिंग म्हणाला, छे, तू होडीचा मालक, तुझा राहू दे, माझा काढ. गास्पार म्हणाला, असं कसं, चर्चमध्ये तू माझ्या आधी उभा होतास. तिकडे मेर्लिंडाचा वेळ सरत होता आणि इकडे या दोघांचा मानपान संपेना. आर्लिननं माऊस ओढला आणि दोघांनाही काढून टाकलं. “बरं केलंस,” दोघं म्हणाले, आणि दोघांचे चेहरे पडले.

मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मी असा ताडकन उठलो की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. मेर्लिंडा अजून तिथंच होती. मागच्या बाईला हातापाया पडून थांबवलं असावं. तिनं सरळ विचारलं, “सही करू की येऊ?”

फ्लोरो काहीच बोलला नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

“अडकलं वाटतं परत,” ती म्हणाली. तिचा आवाज खचला होता. मी आतून ओरडत होतो की बाई, मी चालू आहे, एकदम ठणठणीत चालू आहे. तिनं बंद करायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

“फ्लोरो, तुझ्या मागचा खिडकीचा पडदा हलतोय.”

फ्लोरोनं मान खाली घातली. “ये म्हणालो तर वाटेल, याला घर चालवता येत नाही,” तो म्हणाला. “राहा म्हणालो तर वाटेल, याला मी नकोय. म्हणून मी प्रत्येक वेळी असाच गप्प बसतो. निम्म्या वेळा मशीन बंद नव्हतंच गं.”

माझ्यावर किती आळ आले होते, आणि हा पठ्ठ्या शेजारी बसून ऐकत होता. मेर्लिंडानं पुढे केलेला हात मागे घेतला.

“ये घरी,” तो म्हणाला.

आता ती घरी आहे. रविवारी दोघं याच खोलीत माझ्याकडे पाठ करून बसतात, सुके मासे निवडतात आणि मिठावरूनसुद्धा भांडतात. मला हल्ली कुणी सुरू करत नाही. मला विकतील असा दाट संशय आहे, विकोत बापडे. तुमच्या घरी कधी असं चित्र थांबलं, तर मला थपडा मारण्याआधी समोरच्या माणसाला एकदा हाक मारून बघा. फ्लोरो आता तिच्याशी सारखा बोलत असतो, आणि ती म्हणते, जरा गप्प बस की.