बंद न केलेलं फीड

विज्ञानाच्या बाईंनी आठवीच्या वर्गासाठी एक सोय केली होती. प्रत्येक गटाने अभ्यासासाठी चार-दोन संकेतस्थळं निवडायची. तिथे नवं काही आलं, की त्याचं फीड आपोआप वर्गातल्या पडद्यावर उमटायचं. "माहितीच्या मागे धावू नका, तिलाच घरी बोलवा," असं त्या म्हणायच्या.

रात्रीचे कीटक हा विषय घेतलेल्या गटात चिमणी होती. घुमी पोर. तिने सुचवलेला एक ब्लॉग कुणा बाईंचा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीवर येणाऱ्या पतंगांचे फोटो, खाली दोन-दोन ओळी. पण कित्येक महिन्यांत तिथे काहीच आलं नव्हतं.

"हे बंद पडलंय गं. काढून टाकू?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"राहू दे ना, बाई."

आणि एका दुपारी, तास चालू असताना, पडद्यावर राखाडी पंखांचा पतंग उमटला. खाली ओळ होती: 'पाहुणे आले. अंगावर राख सांडून आलेत. बसा म्हटलं.'

पोरं खिदळली. चिमणी मात्र पांढरीफटक पडली.

"पाहुणे असं आईच म्हणायची," ती पुटपुटली. "हा तिचाच ब्लॉग आहे. पण ती तर गेली."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शाळा सुटल्यावर त्या चिमणीबरोबर तिच्या घरी गेल्या. वडील चष्मे बनवायचे. पुढे दुकान, मागे घर. बाईंनी आपल्या फोनवर ती नोंद दाखवताच त्यांनी हातातली काच खाली ठेवली.

"मीच टाकलं. फोटो तिच्या फोनमधला आहे, जुना. कुणी वाचत असेल असं वाटलंच नाही."

"तिच्यासारखं का लिहिलंस, बाबा?" चिमणी ओरडली. "मला वाटलं..."

"मी कुठे लिहितो?" त्यांचा आवाज चिरकला. "दोन ओळी धड जमतात का मला? लिहायला बसलो की ती मागे येऊन उभी राहते. सांगते, मी उतरवतो."

चिमणीने वडिलांच्या पाठीमागे पाहिलं. तिथे नुसत्या रिकाम्या फ्रेमा टांगल्या होत्या. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी मला हाक मार. मीही बसेन."

तेव्हापासून नोंदी नेमाने येऊ लागल्या. कोणता पतंग कोणत्या ऋतूत येतो, याचा गटाने चांगला अभ्यास केला. बाईंनी ते फीड काढलं नाही. फक्त वर्गात एकट्या असताना पडद्यावर नवे पाहुणे उमटले, की कोण लिहितंय हे ठाऊक असूनही त्यांची नजर आधी दाराकडे जाते.